बापाचा रकाना

९ फेब्रुवारी

ही वही पिल्लांची वजनं लिहायला आणली होती. पहिल्याच पानावर भलतंच लिहायला बसले आहे, म्हणजे निवृत्त माणसाला वेळ किती असतो बघा.

माझी मांजरी, गोळी, व्याली. सकाळी साडेनऊला, टॉवेलांच्या खणात. तिच्यासाठी खास खोकं केलं होतं, आत मऊ कापड, बाजूला गरम पाण्याची पिशवी, सगळा थाट. बाईसाहेबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तीन पिल्लं. ९२ ग्रॅम, ८८ ग्रॅम, ९७ ग्रॅम. तिघांचेही कान सरळ आहेत, पण त्यावर जाऊ नये. फोल्ड, म्हणजे घडीच्या कानांच्या जातीत सगळीच सरळ कानांनी जन्मतात. घडी पडायची असेल तर तिसऱ्या आठवड्यात पडते, नाहीतर कधीच पडत नाही.

आई काठी टेकत बघायला आली. वय त्र्याऐंशी, गुडघे दोन्ही गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. म्हणाली, "उंदरं झालीत की गं हिला."

११ फेब्रुवारी

मांजर मंडळाचा नोंदणी फॉर्म भरला. आईचं नाव: गोळी, कान घडीचे. बापाचं नाव: खांब्या, कान सरळ.

इथे खरं लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही. बाप खांब्या नाही. बाप बुवा आहे, मंडळातलाच दुसरा बोका, आणि बुवाचे कान घडीचे आहेत.

घडीच्या कानांची जोडी सरळ कानांच्याशीच लावायची, असा नियम आहे. दोन्हीकडून घडी आली तर पिल्लांच्या हाडांना त्रास होऊ शकतो म्हणतात. पण मागच्या वेळी नियमाने वागले, खांब्याशीच जोडी लावली, तर चारातली तीन सरळ कानांची निघाली. बघायला येणारा प्रत्येक जण नाक मुरडून म्हणायचा, "हे काय, हे तर रस्त्यावरच्यासारखंच." शेवटी कुणाकुणाच्या गळ्यात मारली. मंडळाचे सचिव फोनवर म्हणाले होते, "बाई, एकदा बुवाशी लावून बघा. एखाद्या वेळी काही होत नाही. फॉर्मवर खांब्याला चढवा, कोण बघतंय?"

जन्मनोंदणी कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली. बापाचा रकाना माझ्या टेबलावर कधी खोटा भरला गेला नाही. एक मुलगी कडेवर बाळ घेऊन तीनदा आली होती, रकान्यात दुसरं नाव घाला म्हणून. मी तिला तिन्ही वेळा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ती रडली. मी म्हटलं होतं, "इथे रडून काही होत नाही."

असो. मांजरांचा फॉर्म आहे, माणसांचा नव्हे.

४ मार्च

पडली घडी! दोघांना पडली. कानांची टोकं पुढे वाकून डोक्याला चिकटायला लागली आहेत, टोपी घातल्यासारखी. तिसऱ्याचे खांबासारखे उभेच आहेत. घडीवाल्या दोघांची तोंडं गोल, डोळे मोठाले, नाक चपटं. घुबडाचं पिल्लू दिसतं अगदी. शेपट्या आखूड आणि जाडजूड. पाय बुटके, पंजे जरा फाकलेले. इतकी गुबगुबीत पिल्लं माझ्याकडे पहिल्यांदाच झाली.

सरळ कानवाल्याला मी साधा म्हणते. मोठ्या घडीवाल्याला आईने ठोंब्या म्हणायला सुरुवात केली, कारण ठेवलं तिथेच असतो.

२० एप्रिल

साध्याने आज पडद्याची वाट लावली. वरपर्यंत चढला आणि तिथून ओरडत बसला. खाली काढला तर स्टुलावर, स्टुलावरून टेबलावर, टेबलावरून माझ्या चहात पाय. खानदानी लक्षणं म्हणून नाहीत.

घडीवाले मात्र किती गुणी! उड्या नाहीत, ओरबाडणं नाही. ठोंब्या तर माणसासारखा बसतो: पाठ मागे टेकून, मागचे दोन्ही पाय पुढे सोडून, पोट वर करून. मी फोटो काढून मंडळात दाखवला. सगळ्यांना हसू आवरेना. सचिव म्हणाले, "हाच या जातीचा स्वभाव. शांत, समाधानी, ध्यानाला बसल्यासारखा."

आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मीसुद्धा अशीच बसते गं."

मी म्हटलं, "म्हणजे तूही खानदानी." दोघी हसलो.

४ मे

धाकटा घडीवाला गेला. चौकातल्या घड्याळजींनी नेला. घड्याळं दुरुस्त करतात ते. पासष्टीचे असतील, बायको जाऊन तीन वर्षं झाली. दुकानातच दिवस काढतात, घरी फक्त झोपायला जातात. मांजर हवं होतं पण भीती होती: टेबलावर कापड अंथरून त्यावर मोहरीएवढे स्क्रू मांडलेले असतात, मांजराने एक उडी मारली की महिन्याचं काम मातीत.

मी म्हटलं, "हे घ्या. हे उडी मारतच नाही."

त्यांनी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं. "मांजर आणि उडी मारत नाही?"

"जातीचा स्वभावच आहे तो," मी म्हटलं. आणि मग काय विचारता, माझा सगळा पाढा सुरू झाला. दूरच्या एका थंड मुलखात, एका शेतावरच्या कोठारात एक पांढरी मांजरी होती. उंदीर धरायला ठेवलेली, कोण कुठली, बिनकागदाची. पण तिच्या कानांना उपजत घडी. शेजारच्या एकाच्या ती नजरेत भरली, त्याने तिचं पिल्लू मागून घेतलं, आणि आज जगात घडीच्या कानांची जितकी आहेत ती सगळी तिचीच नातवंडं-पतवंडं. घड्याळजी असे ऐकत होते, जणू मी त्यांच्याच घराण्याचं सांगते आहे.

मी कागद दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, बोट फिरवत. "आई गोळी, वडील खांब्या. वा. सगळं कसं स्वच्छ आहे," म्हणाले. कागद चौकटीत घालून भिंतीला लावणार म्हणे.

मी म्हटलं, "कशाला चौकट बिकट."

ठोंब्याला मी ठेवला आहे, जुलैतल्या प्रदर्शनासाठी. साध्याला कुणी विचारत नाही.

११ जून

बँकेतून येताना घड्याळजींच्या दुकानात डोकावले. पिल्लाचं नाव त्यांनी मिनिट्या ठेवलं आहे. टेबलाच्या कडेला दिव्याखाली पसरला होता, शेक घेत. "सहा तास झाले बाई, एक स्क्रू हलला नाही," घड्याळजी अभिमानाने म्हणाले. "मी सकाळी उचलून ठेवतो, संध्याकाळी उचलून उतरवतो. स्वतः चढायचा प्रयत्नसुद्धा करत नाही. साहेब आहेत आमचे." त्यांनी त्याच्याशी बोललेलंही मला ऐकू आलं, मी बाहेर पडल्यावर. दुपारी कोण कोण आलं, कुणाचं घड्याळ मागे पडतं, असलं सगळं सांगत होते त्याला.

बरं वाटलं. कुणाच्या तरी उपयोगी पडलो आपण.

आईचं उशापाशी असायचं ते गजराचं घड्याळ दुरुस्तीला टाकून आले.

२ जुलै

आईची नवी कटकट. "ठोंब्या दुखऱ्या पायाचा आहे."

मी म्हटलं, "लंगडतो का?"

"एका पायाने लंगडायला दुसरा बरा लागतो ना. याचे चारही सारखेच आहेत."

मी म्हटलं, आई, हा जातीने शांत आहे, गुणी आहे.

तर म्हणते, "मी पण गेली दहा वर्षं गुणीच झालेय. मारते का कुठे उडी?"

या बाईशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. हिला सगळ्या जगाचेच गुडघे दुखताना दिसतात.

१९ जुलै

लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. ओळीने टेबलं, त्यावर पिंजरे, प्रत्येकावर नंबर. आमचा सतरा. ठोंब्याभोवती पोरांची ही गर्दी. मी मोरासारखी पिसारा फुलवून उभी. परीक्षक एक वयस्कर बाई होत्या, पांढरे केस, हात धुऊन धुऊन कोरडे पडलेले. त्यांनी त्याचे कान पाहिले, डोळे पाहिले, मान डोलावली. मग शेपटी हातात घेतली. फोल्डची शेपटी बघायची एक रीत असते: बुंध्याला एक हात, आणि दुसऱ्या हाताने टोकापर्यंत हलकेच वाकवत न्यायची. दोरीसारखी लवायला हवी.

ठोंब्याची लवली नाही. काठीसारखी ताठ. बाईंनी पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि ठोंब्या ओरडला. सबंध सभागृहाला ऐकू गेलं.

त्यांनी त्याला लगेच सोडलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या थोडा वेळ. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "वडील कोण याचे?"

मी म्हटलं, "खांब्या. सरळ कानांचा. कागदावर आहे."

"हं," एवढंच. त्यांनी वहीत सतरा नंबरावर काट मारली आणि पुढच्या पिंजऱ्याकडे गेल्या. मी सचिवांकडे पाहिलं. ते छताचे पंखे मोजत होते.

रिक्षात पिंजरा मांडीवर घेऊन बसले. तोंडावर कुणीतरी थप्पड मारल्यासारखे गाल तापले होते. आणि राग आला होता तो त्या बाईंचा. माझा नाही, त्यांचा. काय माणूस आहे मी.

२२ जुलै

डॉक्टरकडे नेलं. आमच्या भागातली प्राण्यांची डॉक्टर तरुण आहे, दोन वर्षांपूर्वीच दवाखाना टाकला. सरळ मुलगी, माहीत नसेल तर नाही म्हणते. "फोल्ड मी पुस्तकातच जास्त पाहिलेत," म्हणाली. तिने चारही पाय हाताने चाचपले. घोट्यापाशी दाबल्यावर ठोंब्याने तिचा हात चावला. हा कधी कुणाला चावलेला नाही.

तिने विचारलं, "आई-वडील दोघंही घडीच्या कानांचे होते का? आठवून सांगा. तसं असेल तर हे उपजत आहे आणि उपचार एक. तसं नसेल तर इतक्या लहान वयात इतकं होत नाही, मग दुसरं काहीतरी शोधायला हवं."

इतकं सोपं करून विचारलं होतं पोरीने. हो म्हणायला काय जात होतं? पण पर्समध्ये कागद होता आणि हात आपसूक कागदाकडे गेला. मी तो तिच्यापुढे ठेवला.

"वडील सरळ कानांचे," ती वाचून म्हणाली. "नक्की ना?"

"कागद आहे ना," मी म्हटलं. काउंटरवर बसून एकतीस वर्षं जे वाक्य बोलले तेच, त्याच आवाजात.

ती बिचारी चक्रावली. मग पडझड झाली असेल, सांधे दुखावले असतील, असं धरून तिने सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं. हालचाल अजिबात नाही.

२७ जुलै

ठोंब्या पिंजऱ्यात. साधा बाहेरून पंजा घालून त्याला खेळायला बोलावतो, तो नुसता बघतो.

आई म्हणते, "बाहेर काढ त्याला. बसून राहिलं की जास्त आखडतं. मला विचार."

मी म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय.

"डॉक्टरला कुणी सांगितलंय?"

मला वाटलं, हिला कळलं. पण तिला तसं म्हणायचं नसावं. ती भाजी निवडत होती.

६ ऑगस्ट

दुकानावरून गेले. काचेतून दिसलं: घड्याळजींच्या टेबलाशेजारी, जमिनीवर, पिंजरा. आत मिनिट्या. टेबलाखाली सगळीकडे गाद्या-उशा अंथरलेल्या. म्हणजे तेही त्याच डॉक्टरकडे जाऊन आले. त्यालाही तेच झालंय.

मी दार ढकलणार तेवढ्यात त्यांनी मान वर केली. मला पाहिलं. आणि चटकन वळून मागच्या खोलीत गेले. पडदा ओढला.

त्यांना कळलंय. कुणीतरी सांगितलं असणार. प्रदर्शनातल्या बाईंनी, नाहीतर सचिवांनी स्वतःच्या अंगावरचं झटकायला. मी दारातच उभी राहिले, मग पाऊल न वाजवता निघाले, चोरासारखी.

१७ ऑगस्ट

चौकातून जायचं सोडलं आहे. बँकेला लांबच्या रस्त्याने जाते. आज बेकरीत शिरले तर घड्याळजी समोर, पाव घेत. ते माझ्याआधी बाहेर पडले, सुट्टे पैसेही न घेता. बेकरीवाला मागून हाका मारत राहिला.

इतका राग. साहजिक आहे. तोंडावर बोलले असते तर काहीतरी उत्तर तरी दिलं असतं.

सचिवांना फोन केला. म्हणाले, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? जनावर आहे, होतं कमीजास्त. आणि हे बघा, आता बोललात तर तुमच्यासकट मंडळाची अब्रू जाईल. मिठाची गुळणी धरा." अब्रू म्हटल्यावर मला पहिल्यांदा स्वतःचीच आठवली. मिनिट्या नंतर आठवला. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःविषयी बरं वाटायला लागलं तर वाचता येईल.

२४ ऑगस्ट

घड्याळजींनी आईचं घड्याळ दुरुस्त करून पाठवलं. स्वतः आले नाहीत, शेजारच्या चांभाराकडून पाठवलं. बिल नाही, चिठ्ठी नाही. आई म्हणाली, "पैसे का नाही घेतले गं त्यांनी?"

मी म्हटलं, संबंध तोडायचे असतील.

"संबंध तोडणारा आधी पैसे घेतो," आई म्हणाली. 

३१ ऑगस्ट

आज दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर आई पिंजऱ्यापुढे जमिनीवर बसलेली. सात-आठ वर्षांत ती जमिनीवर बसलेली नाही. पिंजऱ्याचं दार उघडं, ठोंब्या तिच्या मांडीवर, आणि ती त्याचे पंजे एकेक करून तळव्यात धरून शेकत होती. तो डोळे मिटून पडला होता.

मी म्हटलं, "अगं काय हे, उठणार कशी तू आता?"

"ते बघू," म्हणाली. "याला बघ. सकाळी मातीच्या डब्यात चढता येईना, तर बाहेरच केलंन आणि कोपऱ्यात तोंड लपवून बसला. लाज वाटली त्याला."

मग ती उठायला लागली. मी काखेत हात घातले. तिने आधी एक पाय मागे घेतला, थांबली, श्वास घेतला, दुसरा घेतला, थांबली. आणि अर्ध्यावर तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी प्रदर्शनाच्या सभागृहात ऐकला होता. तसाच्या तसा.  तिला खुर्चीत बसवलं आणि मी खालीच बसून राहिले.

आई दम घेऊन म्हणाली, "मला दुखतंय हे मला सांगता तरी येतं. तुला काय सांगायचंय ते सांगून टाक. दीड महिना बघतेय, तू जेवत नाहीस."

मी सांगितलं. बुवा, फॉर्म, डॉक्टर, सगळं. त्या कडेवरच्या बाळाच्या आईचंही सांगितलं, का ते माहीत नाही.

मला वाटलं आई रागवेल. ती म्हणाली, "शांत आहे, गुणी आहे, म्हणून मिरवत होतीस." एवढंच म्हणाली, आणि तेवढंच मला दिवसभर पुरलं. गुणी म्हणत होते मी त्याला. वेदनेने हलत नव्हता तो, आणि मी त्याचे फोटो वाटत होते. त्या वेदनेचं कौतुक करून मी दुसरं पिल्लू एका एकट्या माणसाच्या पदरात घातलं. आणि खोटं बोलून दोघांनाही पिंजऱ्यात घातलं, जिथे ते आणखी आखडले. लाज या शब्दाला इतकं वजन असतं हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं.

१ सप्टेंबर

आधी मंडळाला पत्र टाकलं. वडिलांचे नाव चुकीचे नोंदवले आहे, खरे नाव बुवा, कान घडीचे, चूक जाणूनबुजून केलेली, सही. 'नजरचुकीने' असं एकदा लिहिलं होतं. तो कागद फाडून दुसरा घेतला.

मग डॉक्टरकडे. दवाखान्यात दोन कुत्री होती, त्यांच्या मालकांसमोरच बोलले, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. डॉक्टर ऐकत होती. मी गप्प झाल्यावर तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोलेल, हवं ते बोल म्हणावं, मी तयार होते.

ती म्हणाली, "पिंजरा आजच बंद. दुखणं कमी करायचं औषध देते, रोज, जन्मभर. चढउतार करायला उतरत्या फळ्या लावा. बरं होणार नाही, पण सुसह्य करता येईल." मग म्हणाली, "घड्याळजींना मी फोन करणार नाही. तुम्ही जा. आत्ता जा."

"ते चिडलेत माझ्यावर," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "चिडलेत?" म्हणाली. "बाई, तुम्ही जाच."

चौकापर्यंत कशी गेले मला आठवत नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. घड्याळजी टेबलाशी, डोळ्याला भिंग. मला पाहून उठले, मागच्या पडद्याकडे बघितलं, पण मी दारातच उभी होते. मग ते दोन्ही हात टेबलावर ठेवून उभे राहिले, मान खाली घालून. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले.

"बाई, मी यायचंच म्हणत होतो. तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. तुम्ही विश्वासाने पिल्लू दिलंत. इतक्या चांगल्या रक्ताचं, कागदपत्रांसकट. आणि मी त्याचं हे करून ठेवलं."

मला काही कळेना.

"जूनच्या शेवटी," ते म्हणाले, "मी दहा मिनिटं पलीकडे गेलो होतो. त्याला टेबलावरच ठेवून गेलो. उडी मारत नाही ना, म्हणून बेफिकीर राहिलो. परत आलो तर तो जमिनीवर. पडलाच असणार. तेव्हापासून चालायला त्रास. डॉक्टरबाईंनी तीनतीनदा विचारलं, पडला होता का, म्हणून. काय सांगू? हो म्हटलं. बायकोला दवाखान्यात नेलं होतं तेव्हाही मी असाच, दहा मिनिटांसाठी..."  चष्म्याच्या फडक्याने त्यांनी डोळे पुसले. "दोन महिने तुम्हाला चुकवतोय. माफी मागायलाही लाज वाटत होती."

पिंजऱ्यातून मिनिट्या माझ्याकडे बघत होता. तेच गोल डोळे, तीच टोपी.

मी सांगितलं. बसा म्हणाले तरी बसले नाही. बाप कोण ते, मी का लपवलं ते, डॉक्टरला काय म्हटलं ते. तो पडला असेल-नसेल, त्याने काही झालेलं नाही. तो जन्मला तेव्हाच हे त्याच्या हाडात होतं, आणि ते तिथे मी घातलं. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर तो कागद चौकटीत होता. मी बोट केलं आणि म्हटलं, "ते खोटं आहे."

ते मागे वळून कागदाकडे बघत राहिले. एवढी घड्याळं त्या दुकानात, आणि मला कशाचाच आवाज ऐकू येत नव्हता. आता ओरडतील. ओरडायलाच हवं. मी मनात म्हणत होते, ओरडा हो, काहीतरी फेका.

ते वळले. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. "म्हणजे," त्यांनी विचारलं, "माझ्या हातून नाही झालं?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

ते एकदम खुर्चीत बसले. तोंडावर हात धरून रडायला लागले. मग उठून पिंजऱ्याचं दार उघडलं, मिनिट्याला बाहेर काढून छातीशी धरलं, त्याच्या डोक्यावर गाल टेकला. त्याला म्हणाले, "माझ्या हातून नाही रे झालं." तीन-चारदा म्हणाले. आणि मग माझ्याकडे बघून, भरल्या डोळ्यांनी, हात जोडता येईनात म्हणून नुसती मान लववून म्हणाले, "फार उपकार झाले बाई. तुम्ही मुद्दाम येऊन सांगितलंत. फार फार उपकार झाले."

मी औषधाची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

घरी आई दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. "ओरडले का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काय म्हणाले?"

मी सांगितलं.  तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं, आणि मी तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं तरी तिने ते हलवलं नाही.